वकिलाच्या पत्राआधी मध्यस्थाला फोन करा

स्टुटगार्ट, बोब्लिंगन, सिंडेलफिंगन, कार्ल्सरूह, वाल्डॉर्फ, हायडेलबर्ग. नोकरीच्या निमित्ताने बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये आलेली मराठी कुटुंबं आता इथे चांगली रुळली आहेत. कोणी घर विकत घेतलं, कोणाची मुलं श्वाबियन ढंगाचं जर्मन बोलू लागली. माणूस एखाद्या ठिकाणी रुळला की त्याचे तंटेही तिथलेच होतात. घरमालकाशी डिपॉझिटवरून, खालच्या मजल्यावरच्या बाईंशी आवाजावरून, ऑफिसात वरिष्ठाशी, भागीदाराशी, आणि चार भिंतींच्या आत नवराबायकोत.

अशा वेळी आपली माणसं बहुधा दोनच वाटा धरतात. 'परक्या देशात कशाला भानगड' म्हणून मूग गिळून बसतात, नाहीतर सहन होईनासं झालं की थेट वकील गाठतात. पहिल्या वाटेने तंटा मिटत नाही, आत कुजत राहतो. दुसऱ्या वाटेने मिटतो, पण वेळ, पैसा आणि संबंध यांची किंमत मोजून. या दोहोंच्या मधली वाट जर्मन कायद्यानेच आखून दिली आहे. तिचं नाव मेडिएशन, म्हणजे प्रशिक्षित, व्यावसायिक मध्यस्थाच्या मदतीने दोन्ही पक्षांनी आपसात काढलेला तोडगा. ही वाट आपल्या लोकांनी आधी धरावी, उशिरा नव्हे, एवढंच मला कळकळीने सांगायचं आहे.

जर्मनीचा मध्यस्थी कायदा २६ जुलै २०१२ पासून लागू आहे. तो छोटा आहे, अवघ्या काही कलमांचा, आणि सामान्य माणसाला समजेल असा. मध्यस्थ स्वतंत्र आणि तटस्थ हवा. त्याला निकाल देण्याचा अधिकार नाही. मध्यस्थीत येणं ऐच्छिक असतं आणि कोणताही पक्ष कधीही उठून जाऊ शकतो. एका पक्षाशी वेगळं बोलायचं तर सगळ्यांची संमती लागते. त्याच प्रकरणात आधी एका बाजूसाठी काम केलेला माणूस मध्यस्थ होऊ शकत नाही. आणि मध्यस्थावर गुप्ततेचं कायदेशीर बंधन असतं.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात काय होतं ते एका उदाहरणावरून सांगतो. ज्या जोडप्याची ही हकीगत आहे त्यांनीच ती मला सांगितली आणि नाव-गाव न देता लिहायला होकार दिला.

स्टुटगार्टजवळच्या एका गावात तिसऱ्या मजल्यावर हे दोघं आणि त्यांचा दोन वर्षांचा मुलगा राहतात. खाली एक निवृत्त श्वाबियन बाई. नवऱ्याला सहाच्या सुमारास निघून एस-बान गाठायची असते, म्हणून पावणेसहाला मिक्सरवर चटणी व्हायची. इमारतीत केअरवोखेची पाटी असते, ज्याच्या दारावर ती लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा. हे दोघं जिना झाडायचे, पण तळघराकडे उतरणाऱ्या पायऱ्याही त्यातच येतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बाईंनी आवाजाची नोंदवही ठेवली. तारीख, वेळ, किती मिनिटं आवाज झाला, सगळं त्यात होतं. ती वही इमारतीच्या व्यवस्थापनाकडे गेली आणि तिथून या दोघांना लेखी ताकीद आली. त्या दिवसापासून मुलगा धावला की आई त्याला दाबून बसवायची. घरात बोलणंही कुजबुजत चालायचं.

व्यवस्थापनानेच मध्यस्थाचं नाव सुचवलं. दोन बैठका झाल्या, प्रत्येकी दीड तासाच्या. मध्यस्थबाईंनी आधी नियम ठरवून घेतले: एकजण बोलत असताना दुसऱ्याने तोडायचं नाही, आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. मग प्रत्येकाला सलग बोलू दिलं. बोलून झालं की मध्यस्थबाई त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडायच्या आणि विचारायच्या, बरोबर समजले का मी? मुद्दे कार्डांवर लिहून फळ्यावर टोचले. खालच्या बाईंच्या कार्डांवर तीन गोष्टी होत्या: पहाट, जिना आणि नमस्कार. तिसरी वाचून या जोडप्याला धक्काच बसला. जिन्यात भेटल्यावर हे दोघं मोबाईलमध्ये बघत निघून जातात, मान वर करून 'ग्र्यूस गॉट' म्हणत नाहीत, हे बाईंना वर्षभर लागून राहिलं होतं. इकडे या दोघांची समजूत अशी की बाईंना परदेशी माणसं इमारतीतच नको आहेत, म्हणून त्या वह्या भरताहेत. समोरासमोर बसल्यावर बाई म्हणाल्या, मला झोप लागते पहाटे चारनंतर, पावणेसहाला मिक्सर सुरू झाला की माझा दिवस गेला.

तोडगा अर्ध्या पानात मावला. मिक्सर सातनंतर, आणि खाली जाड रबरी चटई. मुलाच्या खोलीत गालिचा. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगायचं. काही खटकलं तर बाईंनी व्यवस्थापनाला लिहिण्याआधी दाराची घंटा वाजवायची. तळघराच्या पायऱ्या झाडायच्या. पानावर तिघांच्या सह्या झाल्या.

हेच प्रकरण कोर्टात गेलं असतं तर न्यायाधीशाने मिक्सर कितीला लावला आणि आवाज किती झाला एवढंच तपासलं असतं. नमस्कार हा विषय कोर्टाच्या फायलीत येऊच शकत नाही. माणसं मागतात एक आणि त्यांना खुपत असतं दुसरंच. ते दुसरं टेबलावर येईपर्यंत धीराने बसणं, हेच चांगल्या मध्यस्थाचं खरं कसब.

आता एक रास्त शंका. आपल्याकडे मध्यस्थी नवी कुठे आहे? महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, त्याआधीही गावातले जाणते लोक भांडणं मिटवतच होते. इथेही नवराबायकोचं बिनसलं की मंडळातले एखादे काका-काकू समजूत घालायला जातात. त्यांच्या हेतूबद्दल मला आदरच आहे. पण अशा प्रकरणात काका-काकू दोघांनाही ओळखतात, पुढच्या गणपतीला दोघांच्याही शेजारी बसणार असतात, आणि त्यांना स्वतःचं मत असतं. ते 'तू जरा समजून घे' असं म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बायकोलाच म्हणतात. व्यावसायिक मध्यस्थ तुम्हाला ओळखत नाही, आणि म्हणूनच तो कामाचा. समजूत घालणं हे त्याचं काम नाही. दोघांना सारखा वेळ मिळतोय का, एकजण दुसऱ्याला दाबतोय का, ठरतंय त्याचा अर्थ दोघांना कळलाय का, हे पाहणं त्याच्यावर कायद्यानेच सोपवलं आहे. तेव्हा काका-काकूंनी समजूत घालत बसण्यापेक्षा त्या दोघांना मध्यस्थाचा नंबर द्यावा, ती मोठी मदत होईल.

स्टुटगार्टकरांना मध्यस्थी म्हटलं की हाइनर गाइसलर आठवतात. नव्या भुयारी रेल्वे स्थानकावरून शहर पेटलं होतं. ३० सप्टेंबर २०१० ला पोलिसांनी आंदोलकांवर पाण्याचे फवारे सोडले. त्यानंतर ज्येष्ठ राजकारणी गाइसलर यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्ही बाजूंना नगरभवनात समोरासमोर बसवलं आणि सगळी चर्चा टीव्हीवर थेट दाखवली गेली. ३० नोव्हेंबरला त्यांनी आपला निवाडा सांगितला, जो कोणावर बंधनकारक नव्हता. ते चांगलं काम होतं, पण ती लवादासारखी प्रक्रिया होती. ऐकून घेणाऱ्याने शेवटी आपलं मत दिलं आणि सगळं कॅमेऱ्यासमोर झालं. तुमच्या घरच्या तंट्यासाठी जी मध्यस्थी मी सांगतोय तिच्यात कॅमेरा नाही आणि निवाडाही नाही. बंद दाराआड तुम्ही बोलता आणि तुम्हीच ठरवता.

त्या बंद दाराबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गुप्ततेचं कायदेशीर बंधन मध्यस्थावर आणि त्याच्या मदतनिसांवर असतं, उदाहरणार्थ दुभाष्यावर. तुम्हा दोन पक्षांवर ते आपोआप येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मध्यस्थीच्या लेखी करारात 'इथे कळलेली गोष्ट पुढे कोर्टात वापरणार नाही' असं कलम घालून घ्या. त्याशिवाय मन मोकळं करू नका.

कुटुंबाच्या तंट्यांवर थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या लोकांचं सर्वांत जास्त नुकसान तिथेच होताना दिसतं. जर्मनीत घटस्फोट फक्त कोर्टच देऊ शकतं, अर्ज करणाऱ्याला वकील लागतोच, आणि साधारणपणे एक वर्ष विभक्त राहिल्याशिवाय घटस्फोट मिळत नाही. ते वर्ष बहुतेकजण एकमेकांना पत्रं पाठवण्यात घालवतात. मध्यस्थीसाठी याहून चांगला काळ नाही. मूल आठवड्यातले कोणते दिवस कोणाकडे, उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात कोण नेणार, पासपोर्ट कोणाजवळ राहणार, आजी-आजोबा तीन महिन्यांसाठी आले तर कुठे राहणार, वाकडच्या फ्लॅटचा दोघांच्या नावावरचा हप्ता कोण भरणार, सासरच्या लॉकरमधले दागिने परत कसे येणार. यातल्या कितीतरी गोष्टी जर्मन न्यायाधीशाला समजावून सांगण्यातच अर्धी शक्ती जाते. कोर्टाची भाषा जर्मन. मध्यस्थीत मात्र दोघांना आणि मध्यस्थाला चालेल ती भाषा वापरता येते, इंग्रजीसुद्धा, आणि दुभाष्या मिळाला तर मराठीसुद्धा. ज्या भाषेत आपण रडतो त्या भाषेत बोलायला मिळणं ही साधी सोय नव्हे.

मुलाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. रागाच्या भरात एकाने मुलाला घेऊन विमान पकडायचं आणि पुण्याला माहेरी किंवा आईवडिलांकडे जाऊन राहायचं, हे करू नका. दोघांकडे पालकत्वाचा हक्क असताना दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल परदेशात नेणं जर्मनीत गुन्हा ठरू शकतं. दुसरीकडे, मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात जर्मनी आहे, भारत नाही. त्यामुळे मागे राहिलेल्या पालकाला त्या कराराचा आधार घेऊन मूल परत आणता येत नाही, आणि मूल वर्षानुवर्षं दोन देशांच्या मधे लोंबकळत राहतं. दोन देशांत विभागलेल्या कुटुंबांसाठीच बर्लिनमध्ये 'मिक' नावाची संस्था काम करते. अशा प्रकरणात तिथे शक्यतो दोन मध्यस्थ नेमले जातात, एक पुरुष आणि एक स्त्री, एक कायद्याच्या आणि एक मानसशास्त्र किंवा समाजकार्याच्या बाजूचा. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्यांना फोन करा.

पैशाची अडचण असेल तर युगेंडआम्ट, म्हणजे सरकारी बाल-युवक कल्याण कार्यालय, आणि समुपदेशन केंद्रं विभक्त होणाऱ्या आईवडिलांना मुलांच्या बाबतीत मोफत सल्ला देतात. युगेंडआम्टचं नाव काढलं की आपली माणसं घाबरतात. पण मदत मागायला स्वतःहून गेलेले आईबाप आणि तक्रारीवरून बोलावलेले आईबाप यांत फरक असतो. प्रकरण कोर्टात गेलंच तरी कौटुंबिक न्यायालय दोघांना मध्यस्थीविषयीच्या मोफत माहितीबैठकीला जायला सांगू शकतं. सांगितलं तर जा.

मध्यस्थीत जे ठरेल ते सही करण्याआधी आपापल्या वकिलाला दाखवा. वकील न घेता आलेल्यांना तसं सुचवणं मध्यस्थाचं कर्तव्यच आहे. पेन्शनची वाटणी आणि घटस्फोटानंतरची पोटगी यांसारख्या गोष्टी घटस्फोटाआधी ठरवायच्या तर नोटरीसमोर किंवा कोर्टात नोंदवाव्या लागतात, साध्या कागदावरच्या सह्या पुरत नाहीत. ज्यांचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं आहे त्यांनी भारतातल्या वकिलालाही विचारावं, कारण परदेशी कोर्टाचा घटस्फोट भारतात आपोआप मान्य होईलच असं नाही.

आणि काही ठिकाणी मध्यस्थीला जाऊच नका. घरात मारहाण असेल, धमक्या असतील, एकजण दुसऱ्याला इतका घाबरत असेल की समोर बसून 'नाही' म्हणता येणार नाही, तर ते टेबल बरोबरीचं नसतं. अशा बाईने ११६ ०१६ हा क्रमांक लावावा. तो देशभर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि अनेक भाषांत बोलता येतं. जिवाला धोका असेल तर ११०.

दुसरा इशारा मुदतींचा. नोकरीतून काढल्याचं लेखी पत्र, म्हणजे कुंडिगुंग, हातात पडलं की त्याविरुद्ध कामगार न्यायालयात जायला फक्त तीन आठवडे असतात. कंपनी म्हणाली 'आपण बोलून मिटवू', मध्यस्थही ठरला, म्हणून हे तीन आठवडे थांबत नाहीत. ते गेले की काढून टाकणं कायदेशीर मानलं जातं, मग तुमची बाजू कितीही खरी असो. म्हणून आधी दावा दाखल करा, मग बोलायला बसा. कामगार न्यायालयात पहिल्या पायरीवर वकिलाची सक्ती नाही. कोर्टाच्या अर्ज विभागात जाऊन दावा तोंडी सांगून लिहून घेता येतो. जिंकलात तरी पहिल्या पायरीवर स्वतःच्या वकिलाची फी स्वतःच भरावी लागते, हेही लक्षात असू द्या. ब्लू कार्डवर असलेल्यांना नोकरीबरोबर राहण्याच्या परवान्याचीही काळजी असते आणि त्या घाईत ही मुदत हमखास निसटते.

भाड्याच्या तंट्यात इतकी घाई नसते. नेबेनकोस्टेनचा, म्हणजे भाड्यावरच्या इतर खर्चांचा, हिशेब हाती आल्यापासून आक्षेप घ्यायला बारा महिने असतात. दोन पक्ष एखाद्या मागणीवर खरोखर वाटाघाटी करत असतील तर त्या काळापुरती मुदतबाह्य होण्याची घडी थांबते, असं जर्मन नागरी कायदा सांगतो, आणि मध्यस्थी ही वाटाघाटच आहे. तरी मध्यस्थी कधी सुरू झाली आणि कधी संपली याच्या तारखा लेखी ठेवा.

खर्चाचं काय? मध्यस्थ ताशी फी घेतात, बहुधा १०० ते २५० युरोच्या दरम्यान, आणि ती दोन्ही पक्ष सहसा निम्मी-निम्मी भरतात. तुलनेसाठी हे ध्यानात घ्या की जर्मन दिवाणी कोर्टात हरणाऱ्याला स्वतःच्या वकिलाबरोबर समोरच्याच्या वकिलाचा आणि कोर्टाचा खर्चही द्यावा लागतो. तुमच्याकडे कायदेविषयक विमा, म्हणजे रेख्ट्सशुट्झ, असेल तर त्यात मध्यस्थीचा खर्च किती बसतो ते आधी विचारा. बऱ्याच पॉलिसींत तो असतो, मात्र कौटुंबिक भांडणं सहसा वगळलेली असतात.

शेजारच्या हेसेन राज्यात गावोगावी सरकारी तडजोड-पंच असतात. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये तशी व्यवस्था नाही. कोर्टाआधी तडजोडीचा प्रयत्न सक्तीचा करणारा राज्याचा कायदाही २०१३ मध्ये रद्द झाला. म्हणजे इथे कोणी तुम्हाला ढकलणार नाही, पुढाकार तुम्हालाच घ्यावा लागेल. दुकानदार किंवा सेवा देणाऱ्या कंपनीशी वाद असेल तर याच राज्यातल्या ऱ्हाइनकाठच्या केल गावात केंद्र सरकारची ग्राहक तडजोड संस्था आहे. ग्राहकाला ती मोफत आहे. कंपनीने तिथे यायचं की नाही हे मात्र बहुधा कंपनीच्या मर्जीवर असतं. आणि खटला दाखल झालाच असेल तरी वाट बंद होत नाही. 'ग्यूटरिष्टर' म्हणजे तडजोड-न्यायाधीश मागा. तो तुमचा निकाल देणारा न्यायाधीश नसतो, बंद दाराआड बसतो, मध्यस्थीची पद्धत वापरू शकतो आणि त्याची वेगळी कोर्ट फी पडत नाही. तुमचा वकील हे सुचवेल याची वाट पाहू नका, तुम्हीच विचारा.

मध्यस्थ निवडताना पाटीवर जाऊ नका. नुसतं 'मेडिएटर' म्हणवून घेण्यावर बंधन नाही. 'प्रमाणित मेडिएटर' म्हणवून घ्यायचं तर १ मार्च २०२४ पासून किमान १३० तासांचं प्रशिक्षण आणि देखरेखीखाली केलेली पाच प्रकरणं लागतात. पण हे प्रमाणपत्र सरकार तपासून देत नाही. म्हणून तोंडावर विचारा: शिक्षण कुठे झालं, आमच्यासारखी प्रकरणं किती हाताळलीत, इंग्रजीत चालेल का, समोरच्या पक्षाशी ओळख आहे का. विचारलं तर आपल्या शिक्षणाची आणि अनुभवाची माहिती देणं मध्यस्थाला कायद्याने भाग आहे. बुंडेसफरबांड मेडिआत्सिओन आणि कुटुंबांसाठी बीएएफएम या संघटनांच्या याद्या आहेत, तिथून सुरुवात करता येते. पहिल्या फोनवरच जो तुमची बाजू घेऊन 'तुमचंच बरोबर आहे' म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका.

समोरच्याला तयार कसं करायचं, हा प्रश्न उरतोच. पत्रात दोष लिहू नका. 'आपल्यातला हा प्रश्न मध्यस्थाच्या मदतीने सोडवावा असं मला वाटतं, मध्यस्थ आपण दोघं मिळून निवडू, पहिली बैठक झाल्यावर पुढे जायचं की नाही ते दोघांनी ठरवू', इतकंच साध्या जर्मनमध्ये लिहा आणि दोन-तीन नावं सोबत द्या. त्यांनी नकार दिला तर कोर्टाची वाट उघडीच आहे. दाव्याच्या अर्जात आधी मध्यस्थीचा प्रयत्न केला होता का हे नमूद करावं असं दिवाणी प्रक्रिया संहितेतच म्हटलं आहे, तेव्हा तुमचं ते पत्र वाया जात नाही.

तुमच्या घरात, इमारतीत किंवा ऑफिसात असा एखादा तंटा साचला असेल तर या आठवड्यात दोन कामं करा. तुमच्या प्रकरणाला कोणती मुदत लागू आहे ते मीटरफरआइन (भाडेकरूंची संघटना), कामगार संघटना किंवा वकिलाकडून पक्कं करून घ्या. आणि एका मध्यस्थाला फोन लावून पहिल्या भेटीची तारीख मागा.